गळा आणि लेखणी : ‘लाल बावटा’नंतरचे अमर शेख आणि अण्णाभाऊ

जुळे सोलापूर : सोलापूरहून पुण्याला निघालेली एसटी मोहोळ, टेंभुर्णी मागे टाकते, भीमेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात इंदापूर येते. जुळे सोलापुरातील कित्येक घरांतील मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यात आहेत. त्यामुळे हा रस्ता येथील कुटुंबांच्या अंगवळणी पडलेला. बहुतेकांच्या लेखी इंदापूर हे वाटेतले एक गाव, एवढेच. मात्र याच इंदापूरजवळ २९ ऑगस्ट १९६९ रोजी झालेल्या मोटार अपघातात सोलापूर जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेला एक बुलंद आवाज कायमचा थांबला. बार्शीचे शाहीर अमर शेख त्या दिवशी गेले. वय अवघे ५२.

त्याच्या बरोबर ४२ दिवस आधी, १८ जुलै १९६९ रोजी, मुंबईत अण्णाभाऊ साठे यांचे निधन झाले होते. त्यांना पन्नाशीही गाठता आली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे दोघे आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले होते. गिरणीच्या फाटकावर, चाळींच्या पटांगणात, किसान परिषदांच्या मांडवात या तिघांची नावे एका दमात घेतली जात. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. कोणी कादंबरीकडे वळला, कोणी गाणे सोडले नाही. आणि नियतीने दोघांचा शेवट मात्र एकाच पावसाळ्यात घडवला.

आज परिस्थिती काय आहे? अण्णाभाऊंच्या नावाने चौक आहेत, पुतळे आहेत, शासनाचे विकास महामंडळ आहे. २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. दरवर्षी १ ऑगस्टला सोलापुरातही त्यांच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात. अमर शेख यांची जयंती २० ऑक्टोबरला असते, हे त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातही किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. एकाच कलापथकातील दोन समकालीनांच्या वाट्याला इतकी वेगळी स्मृती का यावी? अण्णाभाऊ मोठे आणि अमर शेख लहान, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. ते बरोबर मात्र नाही.

फुटल्यानंतरच कळते

एकत्र काम करणारे कलावंत वेगळे झाले की त्यांच्या पुढच्या कामाची तुलना करण्याचा मोह रसिकांना आवरत नाही. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांचा तर हा आवडता उद्योग आहे. ‘बीटल्स’चे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध. पॉल मॅकार्टनी यांनी १० एप्रिल १९७० रोजी आपण बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि आठवड्याभरात त्यांचा स्वतंत्र अल्बमही बाजारात आला. जवळजवळ सर्व वाद्ये त्यांनी स्वतःच वाजवली होती. वर्ष संपण्याआधी जॉर्ज हॅरिसन यांचा तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ आणि जॉन लेनन यांचा ‘प्लॅस्टिक ओनो बँड’ हे दोन्ही अल्बम आले.

या तीन अल्बमांनी एक गोष्ट उघड केली. चौघे एकत्र असताना कोणाचे काय आहे, हे ऐकणाऱ्याला नेमके सांगता येत नव्हते. वेगळे झाल्यावर ते आपोआप दिसू लागले. मॅकार्टनींकडे गोड चालींचा न आटणारा झरा होता. लेनन यांचे गाणे सारा साज उतरवून उघडेबोडके, जवळपास आक्रोशासारखे झाले. ज्यांना एकेका अल्बममध्ये जेमतेम एखाद-दुसऱ्या गाण्याची जागा मिळे, त्या हॅरिसन यांच्याकडे साठलेल्या गाण्यांचे कोठार निघाले. पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेतलेल्या याच हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठी मैफल घडवून आणली. गटातील ‘धाकटा’ समजला गेलेला माणूस वेगळा झाल्यावर वाढला, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. मुंबईत १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. १९९७ मध्ये हा चमू विखुरला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळा प्रयोग केला. २०१० मध्ये बेनेगल, महेश तिनईकर आदी मंडळी पुन्हा जुन्या नावाखाली एकत्र आली आणि २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बमही निघाला.

या सर्व तुलनांमागे एक गृहीत आहे. ऐकणाऱ्याच्या हातात पुरावा आहे. तबकडी लावायची, एकदा ऐकायची, पुन्हा ऐकायची आणि मग निवाडा द्यायचा. लाल बावटा कलापथकाच्या बाबतीत घोडे अडते ते नेमके येथे.

कलापथकाची घडण

कलापथक हा शब्द आज सरकारी योजनांच्या प्रचारासाठी गावोगाव फिरणाऱ्या चमूंपुरता उरला आहे. चाळीसच्या दशकात त्याचा अर्थ वेगळा होता. मुंबईच्या गिरणगावात कोकण, घाट आणि देशावरून आलेला लाखो कामगार राहत होता. त्याला वाचता येत नव्हते, पण पोवाडा, लावणी, तमाशा त्याच्या रक्तात होते. कम्युनिस्ट पक्षाला आपला विचार या माणसापर्यंत न्यायचा होता. पत्रकाने जे साधत नव्हते ते डफ आणि तुणतुण्याने साधेल, हे पक्षातील मंडळींनी ओळखले. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन अर्थात ‘इप्टा’ची स्थापना १९४३ मध्ये मुंबईत झाली, तो हाच काळ. त्यानंतर वर्षभरात, १९४४ मध्ये, लाल बावटा कलापथक उभे राहिले.

त्यात आलेली माणसे कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. तुकाराम भाऊराव साठे म्हणजे अण्णाभाऊ हे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. जन्म १ ऑगस्ट १९२०, मातंग समाजातील. शाळेशी संबंध जवळपास नाहीच. वडिलांसोबत मजल दरमजल करत मुंबईत आले, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळीशी जोडले गेले. नात्यातल्या तमाशात काम केल्यामुळे वाद्यांवर हात बसलेला होता. १९४३ मधील त्यांच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव कामगारांत झाले होते.

मेहबूब हुसेन पटेल म्हणजे अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. आई मुनेराबी यांच्या तोंडून ऐकलेली लोकगीते हीच त्यांची गाण्याची पहिली शाळा. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, बार्शीच्या गिरणीत नोकरी केली. गिरणीच्या संपात उतरल्यामुळे विसापूरच्या तुरुंगात जावे लागले आणि तेथे मार्क्सवादाची ओळख झाली. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत त्यांनी काही काळ काढला. ‘अमर शेख’ हे नाव तेथलेच. तिसरे गव्हाणकर. तिघांची नावे घेताना त्यांचे नाव नेहमी शेवटी येते आणि बहुधा तेथेच थांबते. त्यांची रचना कलापथकाच्या सामाईक ठेव्यात मिसळून गेली. असे प्रत्येक चमूत एखाद्याच्या वाट्याला येतेच.

पोवाड्याची रीत अशी, की मुख्य शाहीर कडवे उचलतो, झीलकरी मागून साथ देतात, मध्ये गद्यात कथा पुढे सरकते. शब्द एकाचे, चाल बहुधा पूर्वापार लोकांची, गळा दुसऱ्याचा आणि झील साऱ्यांची. त्यामुळे एखादी रचना कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारतच नसे. अण्णाभाऊंनी लिहावे आणि अमर शेखांनी गावे, अशी सोयीची वाटणी आज केली जाते. पण अण्णाभाऊ स्वतः गात आणि वाजवत होते, अमर शेख स्वतः गीते लिहीत होते. तरी दोघांचे बळ कोठे होते, हे मांडवातल्या माणसाला न सांगता कळत असावे.

अण्णाभाऊंनी तमाशाच्या साच्यात मोठे फेरफार केले. पारंपरिक तमाशा गणाने सुरू होतो, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणातील गणेशवंदनेच्या जागी मायभूमी, शिवराय आणि कष्टकरी यांना वंदन आणले, गौळण काढून टाकली आणि वगात सावकार, शेठ व पुढारी यांना उभे केले. ‘अकलेची गोष्ट’ (१९४५), ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ या वगनाट्यांची नावे वाचली तरी रोख कळतो. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच प्रकाराला ‘लोकनाट्य’ म्हटले. आज प्रतिष्ठित नाट्यगृहांतही सर्रास वापरला जाणारा हा शब्द पोलिसांना हुलकावणी देण्याच्या गरजेतून रूढ झाला, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तारीख नसलेली फारकत

बीटल्सप्रमाणे येथे पत्रक काढून फारकत झाली नाही. स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, प्रयोगांवर बंधने आली, संसार चालवणे अवघड झाले. पन्नासच्या दशकात अमर शेख यांचे स्वतःचे कलापथक ठळक होत गेले आणि अण्णाभाऊंचा अधिकाधिक वेळ लेखनात जाऊ लागला. दोघांना पुन्हा एका लढ्यात आणले ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने. १९५५ ते १९६० या काळात शाहिरांशिवाय सभा होत नव्हती. आचार्य अत्र्यांचे भाषण आणि अमर शेखांचा आवाज ही तर जोडीच ठरून गेली होती.

याच चळवळीत अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. गावाकडे बायकोला सोडून मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह ती सांगते आणि ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला सीमाभाग होऊन जाते. बेळगाव, कारवार, निपाणीचे दुःख इतक्या घरगुती रूपात दुसऱ्या कोणी मांडले नसेल. सोलापूरकरांना तर ते समजावून सांगावे लागत नाही. जुळे सोलापुरातून विजापूर रस्त्याने निघाले की तासाभरात कर्नाटक लागते आणि महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात अक्कलकोट व दक्षिण सोलापूरचा भाग कर्नाटकाला देण्याची शिफारस होती, हे येथील जुनी माणसे विसरलेली नाहीत.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. चळवळ जिंकली आणि शाहिरांचे व्यासपीठ गेले. लढ्यासाठी घडलेल्या कलावंताला विजय मानवतोच असे नाही. येथून पुढची नऊ वर्षे हीच दोघांच्या स्वतंत्र कामाच्या तुलनेची खरी जागा.

अण्णाभाऊ : वारणाकाठ कागदावर

अण्णाभाऊंनी वेळीच कागद जवळ केला होता. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये आली, वि. स. खांडेकर यांची तिला प्रस्तावना लाभली आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा मांग समाजातील बंडखोर हा या कादंबरीचा नायक. तो कल्पित नाही. अण्णाभाऊंच्या नात्यातलाच होता. ही कादंबरी अण्णाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. आयुष्यभर डफ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने अर्पणपत्रिकेत लेखणीचे नाव घालावे, यात त्याच्या बदललेल्या वाटेची खूण दिसते. त्याआधी १९५८ मध्ये मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले होते.

‘फकिरा’ आज पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. तिची वाक्ये वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी बांधलेली आहेत. प्रसंग झपाट्याने उभा राहतो, दोन-चार वाक्यांत माणूस समोर येतो, संवाद टाळ्या घेतो आणि निवेदन पुढच्या प्रसंगावर उडी मारते. दीर्घ मनोविश्लेषण, आत्मसंवाद यांना येथे जागा नाही. पोवाड्यातील शाहीर जसे गद्यात कथानक रेटत नेतो आणि मोक्याच्या जागी कडवे उचलतो, तशीच ही रचना आहे. फक्त कडव्याच्या जागी झुंजीचे वर्णन येते. म्हणजे अण्णाभाऊ कलापथकातून बाहेर पडले तरी कलापथक त्यांच्या गद्यात राहिले. त्यांची कादंबरी रांगडी आहे, घाईची आहे, अशी टीका करणाऱ्या समीक्षकांनी ती कधी मोठ्याने वाचून पाहिली होती की नाही, कोण जाणे.

अर्थात सर्वच काही ‘फकिरा’च्या तोलाचे नाही. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कथांचे अनेक संग्रह अशा या प्रचंड लेखनात पोटासाठी लिहिलेले बरेच आहे. अन्यायाने गांजलेला शूर तरुण, त्याच्यावर जीव टाकणारी निर्भय मुलगी, गावचा दुष्ट पाटील, अखेरची झुंज हा साचा पुनःपुन्हा येतो. या साच्यात मोडत नाहीत त्या त्यांच्या कथा. ‘बरबाद्या कंजारी’, ‘चिरागनगरची भुतं’ या संग्रहांत मुंबईच्या झोपडपट्टीतील माणसे आहेत, त्यांना शौर्याचा मुलामा नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ स्वतः झोपडीत राहत होते. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले, तरी परतले ते त्याच झोपडीत.

चित्रपटसृष्टीनेही त्यांच्या कथा उचलल्या. तमाशातील स्त्रीचे जगणे मांडणारा गजानन जागीरदार यांचा ‘वैजयंता’ १९६१ मध्ये आला, ‘फकिरा’ १९६३ मध्ये. त्यांच्या निधनाच्या वर्षात आणि नंतरही ‘डोंगरची मैना’, ‘वारणेचा वाघ’ असे चित्रपट निघाले. पण पुस्तके छापली गेली, पडदे उजळले, तरी दारिद्र्य हटले नाही. शेवटची वर्षे हलाखीतच गेली.

अमर शेख : हवेत विरलेले काम

अमर शेख यांनी गाणे सोडले नाही. संयुक्त महाराष्ट्रानंतर ते गोवा, चीनचे आक्रमण, शेतकरी-कामगारांचे लढे यांसाठी गात राहिले. १९६२ मध्ये चीनच्या प्रश्नावर कम्युनिस्ट पक्षात दुफळी माजली असताना अमर शेख संरक्षण निधीसाठी कार्यक्रम करत फिरत होते. पक्ष पुढे १९६४ मध्ये फुटलाच. लोकांना जे वाटते आहे ते आधी गळ्यात येणार आणि पक्षाची भूमिका नंतर, असा हा माणूस होता.

त्यांच्या आवाजाच्या आख्यायिका आजही सांगितल्या जातात. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा गळा, उंच पट्टीत चढून तेथेच थांबणारी तान, डफावर पडणारी थाप आणि सारे शरीर पणाला लावणारा आविष्कार. ‘वादळ’ हा शब्द त्यांच्याबद्दल इतक्यांनी वापरला आहे की त्याची धार बोथट झाली आहे. परंतु दुसरा शब्द सुचत नाही, हेही खरे.

त्यांनी लिहिलेही भरपूर. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ मधले, ‘कलश’ हा काव्यसंग्रह १९५८ मधला आणि ‘धरतीमाता’ १९६३ मधला. मात्र ‘कलश’मधील कविता पानावर वाचताना अडखळायला होते. उद्गारांची गर्दी, पुनरुक्ती, एकाच भावनेवर पुनःपुन्हा येणे हे सारे दोष म्हणून डोळ्यांत भरते. सभेत हेच दोष गुण होतात. पुनरुक्ती म्हणजे झीलकऱ्यांनी उचलण्याची जागा, उद्गार म्हणजे डफाची थाप. छापील पानावर झीलही नाही आणि थापही नाही. गवयाची चीज केवळ वहीत वाचून त्याचे गाणे जोखावे, तसा हा प्रकार होतो.

अण्णाभाऊंच्या गद्याने कलापथक स्वतःबरोबर नेले. अमर शेखांच्या कवितेला ते सोबत नेता आले नाही, कारण ते त्यांच्या देहातच होते. दोघांच्या स्वतंत्र कामातील मुख्य फरक हाच दिसतो. एकाचे काम त्याच्या पश्चात दुसऱ्या कोणालाही उघडून पाहता येते. दुसऱ्याचे काम तो स्वतः उभा असेपर्यंतच होते.

ध्वनिमुद्रण हा यावर उपाय होता. त्या काळी तबकड्या निघत होत्या. नारायण सुर्वे यांचे ‘डोंगरी शेत’ हे गीत अमर शेख यांच्या कलापथकाने गाजवले, ते आजही ऐकायला मिळते. परंतु सभांमधून, रस्त्यांवरून त्यांनी पाव शतक जे गायले, त्याच्या मानाने हा ऐवज ओंजळभर आहे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे आणि पोवाडा रंगायलाच तेवढा वेळ लागे. शिवाय ध्वनिमुद्रण कंपन्यांना चित्रपटगीते आणि भावगीते विकायची होती. मिल फाटकावरचा शाहीर हा त्यांचा ग्राहकही नव्हता आणि मालही नव्हता. जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे साठलेली गाणी होती आणि ती भरून घ्यायला लंडनचा स्टुडिओ होता. अमर शेखांकडे पहिली गोष्ट होती.

स्मृतीला वारस लागतो

पुस्तक टिकते म्हणून लेखक टिकतो, एवढेच मात्र यामागे नाही. अण्णाभाऊंची पुस्तकेही मध्यंतरी दुर्लक्षित होती. साठोत्तरी दलित साहित्याच्या चळवळीने त्यांना आपले पूर्वसूरी मानले, मातंग समाजाने त्यांच्यात आपला नायक पाहिला. १९८५ मध्ये त्यांच्या नावाने विकास महामंडळ स्थापन झाले. वस्तीवस्तीतील मंडळांनी जयंती सुरू केली, ती वाढवली. विद्यापीठांत त्यांच्यावर संशोधन झाले ते या रेट्यानंतर. त्यांची छक्कड विठ्ठल उमप यांच्यासारख्या शाहिराने गायली आणि नव्या पिढीपर्यंत नेली. स्मृती टिकवण्यासाठी कोणीतरी दरवर्षी वर्गणी गोळा करावी लागते, मांडव घालावा लागतो. अण्णाभाऊंना ही माणसे मिळाली.

अमर शेख यांच्यामागे अशी संघटित शक्ती उभी राहिली नाही. बार्शीच्या मुस्लिम कुटुंबात जन्मलेला, शिवरायांचा पोवाडा गाणारा, कम्युनिस्ट असूनही पक्षाच्या चौकटीत न मावणारा हा शाहीर नेमका कोणाचा, हे ठरवणे पुढच्या काळाला जड गेले. तो सर्वांचा होता आणि सर्वांचा असलेला माणूस बऱ्याचदा कोणाचाच राहत नाही. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्यांची कन्या, कवयित्री मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनात वडिलांच्या आठवणी आल्या आहेत. घरातला प्रेमळ बाप म्हणून ते येथे भेटतात. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. जिल्ह्यातील बार्शी, करमाळा, माढ्याकडच्या गावांत अशी माणसे अजून असतील. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्यास फार मोठा खर्च येत नाही. साधा मोबाइल फोनही त्यासाठी पुरतो.

तुलनेचा निवाडा द्यायचाच तर तो मूळ कामापेक्षा उरलेल्या पुराव्यावर द्यावा लागतो, ही या प्रकरणातील अडचण आहे. कागदावर अण्णाभाऊ निर्विवाद पुढे आहेत. मांडवात काय होते, त्याची साक्ष देणारे कमी होत चालले आहेत.

अमर शेख यांना निदान पाहता येते. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटात ते आहेत आणि ‘प्रपंच’ (१९६१) या कुंभाराच्या कुटुंबाची कथा सांगणाऱ्या चित्रपटातही त्यांची महत्त्वाची भूमिका आहे. गळ्यासाठी ओळखला गेलेला हा शाहीर तेथे अभिनय करताना दिसतो. ‘प्रपंच’मधील कुंभाराच्या चाकावरचे ते प्रसिद्ध गीत मात्र सुधीर फडके यांच्या आवाजात आहे.